जेम्स वेल्स

जेम्स वेल्स (जन्म : १७४७, पीटरहेड, स्कॉटलंड, मृत्यू : नोव्हेंबर १७९५) हे अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई व पुणे येथे काम करणारे स्कॉटिश चित्रकार होते. पेशवे सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे, मुंबई बेटाची बारा दृश्ये आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटने ही त्यांची प्रमुख कामे होत. तथापि जगभरातील वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते एका वेगळ्याच चित्रामुळे. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या एका कारागिराने कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसवलेल्या कावसजी या गाडीवानाचे चित्र त्यांनी जानेवारी १७९४ मध्ये रंगवले. त्या चित्रावरून छापलेल्या प्रतीमुळे ही शस्त्रक्रिया युरोपातील शल्यचिकित्सकांना ठाऊक झाली.

प्रारंभिक जीवन

पीटरहेड हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मासेमारीचे बंदर आहे. वेल्स लहान वयातच तेथून अ‍ॅबर्डीनला गेले आणि तेथील मॅरिशल महाविद्यालयात शिकले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. ते बहुतांशी स्वतःच शिकलेले चित्रकार होते. अ‍ॅबर्डीनमध्ये व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये रंगवून त्यांनी आरंभीची वर्षे काढली. पुढे ते लंडनला गेले. १७८३ मध्ये सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स या संस्थेच्या आणि १७८८ व १७८९ मध्ये रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे मांडली गेली. त्या काळच्या लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्स आणि जॉर्ज रॉम्नी यांच्यासारखे नामवंत व्यक्तिचित्रकार असताना, चाळिशी ओलांडलेल्या आणि कोणा मोठ्या गुरूचे नाव पाठीशी नसलेल्या माणसाला तेथे जम बसवणे अवघड होते.

अशा चित्रकारांपुढे हिंदुस्थानचा मार्ग तोपर्यंत खुला झाला होता. टिली केटल यांनी १७६९ मध्ये मद्रासला येऊन तो पाडला आणि योहान झोफानी यांनी कलकत्ता व लखनौ येथे बरीच कमाई केली. मात्र या सर्वांचा ओढा मद्रास, कलकत्ता आणि अवध यांच्याकडे होता. पश्चिम किनारा आणि मराठ्यांचा मुलूख त्यांनी जवळजवळ दुर्लक्षिलेलाच होता. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी घेऊन वेल्स निघाले ते थेट मुंबईला, आणि जुलै १७९१ मध्ये तेथे पोहोचले. त्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला पुरती साडेचार वर्षेही उरलेली नव्हती.

मुंबईतील दृश्ये

मुंबईत उतरल्यावर वेल्स यांनी व्यक्तिचित्रांच्या मागण्या स्वीकारल्याच, पण त्याबरोबर बेट आणि आसपासचा परिसर पायाखाली घालून रेखाटने केली. १७९१ व १७९२ या वर्षांतील या रेखाटनांवरून मुंबई बेट व परिसराच्या बारा दृश्यांची मालिका तयार झाली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाली. खाड्यांवरील भराव पूर्ण होण्यापूर्वीची, ताडामाडांची आणि मोकळ्या पाण्याची मुंबई कशी दिसत असे, हे जाणून घेण्यासाठी आजही अभ्यासक या मालिकेकडे वळतात.

पुण्याच्या दरबारात

वेल्स यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते सर चार्ल्स वॉर मॅलेट यांनी. मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारात कंपनीचे रेसिडेंट होते. जून १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज आणि पेशवे यांच्यात झालेला तह हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश मानले जाई. या तहाच्या मान्यतेसाठी शनिवारवाड्यात भरलेल्या दरबाराचे भव्य चित्र व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांना चित्रकार हवा होता आणि वेल्स यांना आश्रयदाता. १७९२ मध्ये वेल्स पुण्यात दाखल झाले.

तो काळ पुण्याच्या वैभवाचा होता. टिपूशी युद्ध संपून मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला होता. जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेकडून बादशाही सनदा व मानवस्त्रे घेऊन पुण्यात आले. सवाई माधवराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते, आणि नाना फडणवीस पन्नाशीचे. वेल्स यांनी या तिघांचीही चित्रे काढली. गादीवर बसलेले तरुण पेशवे, शेजारी नाना आणि मागे सेवक असे त्यांचे १७९२ चे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. मॅलेट यांची पुण्यातील सहचारिणी अंबर कौर हिचेही चित्र त्यांनी रंगवले.

ही चित्रे प्रत्यक्ष भेटीवरून काढलेली असल्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. पेशवाईच्या पुण्यात व्यक्तिचित्रे नव्हती असे नाही; पण त्यांत चेहरा बहुधा एका बाजूने, ठराविक धाटणीने रेखाटलेला असे. वेल्स यांच्या चित्रांत चेहऱ्यावर एका बाजूने पडणारा उजेड, गालांचे खळगे, वयाच्या खुणा दिसतात. नाना कसे दिसत असत याविषयी बखरींत जे शब्दांत आहे, ते येथे डोळ्यांपुढे येते. महादजींचे चित्र तर अगदी वेळेवर झाले असे म्हणावे लागेल, कारण १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे निधन झाले.

दरबाराच्या मोठ्या चित्रासाठी वेल्स यांनी एकेका सरदाराचे, मुत्सद्द्याचे आणि इंग्रज अधिकाऱ्याचे स्वतंत्र अभ्यासचित्र करण्याची पद्धत ठेवली. या कामात रॉबर्ट मेबन हे चित्रकार त्यांचे साहाय्यक होते. स्वतः वेल्स १७९० च्या त्या दरबाराला हजर असणे शक्यच नव्हते, कारण ते मुंबईला आले तेच पुढल्या वर्षी. तेव्हा हे चित्र म्हणजे प्रसंगाची आठवण सांगणाऱ्यांकडून गोळा करून उभी केलेली रचना होती. ते वेल्स यांच्या हातून पूर्ण झाले नाही. त्यांच्या साहित्यावरून टॉमस डॅनिएल यांनी १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये ते पुरे केले, आणि आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात डॅनिएल यांच्या नावावर आहे. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. त्यामुळे गणपती रंगमहालाचे आतले रूप कल्पिण्यासाठी पुणेकरांना या चित्राचाच आधार घ्यावा लागतो.

गंगाराम तांबट आणि चित्रशाळा

मॅलेट आणि वेल्स यांच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. पाश्चात्त्य पद्धतीने छायाप्रकाश आणि यथादर्शन शिकवणारी ही महाराष्ट्रातील पहिली चित्रशाळा समजली जाते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या स्थापनेला तेव्हा साठाहून अधिक वर्षे अवकाश होता.

या शाळेशी निगडित सर्वांत महत्त्वाचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांचे आहे. नावाप्रमाणे ते तांबट, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या समाजातील होते. त्यांना वेल्स यांचे शिष्य म्हणण्याची प्रथा आहे, पण ती अर्धीच खरी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांचे प्रसिद्ध चित्र १७९० मधील, म्हणजे वेल्स मुंबईच्या धक्क्यावर उतरण्यापूर्वीचे आहे. मॅलेट त्यांच्याकडून आधीपासूनच काम करून घेत होते. वेल्स यांच्याकडून त्यांनी काही तंत्रे उचलली हे उघड आहे. पण डोळा आणि हात त्यांचा स्वतःचाच होता.

चित्रशाळा फार काळ टिकली नाही. तरीही तिचा काळ आणि कावसजीच्या चित्राचा काळ एकच आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कावसजीचे चित्र

कावसजी हा टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला बैलांचा गाडीवान होता. त्या काळच्या फौजेची रसद, दारूगोळा आणि तोफा बैलांच्या बळावर चालत. म्हणून शत्रूचे बैल आणि त्यांचे हाकारे हे लढाईचे एक लक्ष्यच असे. टिपूच्या लोकांनी कावसजीला कैद केले आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून दिले. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन लावून दिले. त्याचे नाव पारशी वळणाचे आहे, मात्र समकालीन छापील मजकूर त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. मूळ मराठी नाव इंग्रज कानांनी ऐकले गेले की खरोखरच ते कावसजी होते, याविषयी तर्क चालत आले आहेत.

वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय वावरला. नाक कापणे ही शिक्षा देशात सर्वत्र परिचित होती, आणि तिचा उद्देश जीव घेण्याचा नसून माणसाला जन्मभर लोकांत मान वर करू न देण्याचा असे. मराठीत नाक कापले जाणे या शब्दप्रयोगाला जो अर्थ आहे तो अशा शिक्षांमुळेच आला. तेव्हा कावसजीचे दुःख केवळ जखमेचे नव्हते.

साधारण मार्च १७९३ मध्ये पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. महाराष्ट्रात विटा पाडण्याचे व भाजण्याचे काम कुंभार करीत, म्हणून मराठी लेखक त्याला कुंभार समजतात. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. छापून आलेला तपशील त्यांच्याच निरीक्षणावर आधारलेला आहे, आणि तो इतका काटेकोर आहे की आजच्या शल्यविशारदालाही त्यावरून क्रम समजावा.

प्रथम मेणाची एक पातळ चकती नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार देत. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आतील कातडी सोडवून घेतली जाई; मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा न कापता तसाच राखला जाई. सगळे यश या पट्ट्यावर अवलंबून असे. भुवईच्या आतल्या टोकाजवळून कपाळाकडे जाणारे रक्त त्यातून मिळत राही आणि सोडवलेली कातडी जिवंत राहत असे. नंतर नाकाच्या बुंध्यावरचा जुना व्रण खरवडून ताजा केला जाई. त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या भोवतीने वरच्या ओठापर्यंत, एक चीर घेतली जाई. कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची, अशी ही योजना होती.

टाके घातले जात नसत. सांधा धरून ठेवण्यासाठी कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावत. इंग्रजी मजकुरात त्याला जपानी माती अशा अर्थाचे नाव आहे, पण ती वस्तू जपानची नाही आणि मातीही नाही. खैराच्या लाकडापासून काढलेला, विड्याच्या पानाला लावतात तोच हा कात. तो तुरट असल्याने स्राव आटोक्यात ठेवतो आणि वाळल्यावर घट्ट धरतो. चार दिवसांनी या पट्ट्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवीत. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वळ्या घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी, म्हणजे नव्या जागी रक्तपुरवठा रुजल्यावर, डोळ्यांमधला तो पट्टा कापून नाकाला अखेरची घडण देत.

गुंगीचे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. ईथरचा वापर रूढ झाला तो १८४६ नंतर. कपाळाची कातडी सोडवली जात असताना रोगी पूर्ण शुद्धीवर असे.

वेल्स यांनी कावसजीला समोर बसवून चित्र काढले ते शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. चित्रात शस्त्रक्रिया चाललेली नाही. आहे तो बरा झालेला माणूस, त्याचे नवे नाक आणि कपाळावरचा व्रण. छापील प्रतीत त्याच्या जोडीला मेणाची चकती, कपाळावरची रेघ, कातडीचा वळसा हे दाखवणाऱ्या छोट्या आकृत्या दिल्या आहेत. पेशव्यांचा चेहरा ज्या सावधपणे त्यांनी न्याहाळला, त्याच सावधपणे गाडीवानाचाही न्याहाळला आहे. सजावटीला काही नसल्यामुळे तर हे चित्र दरबारी चित्रांहून सरस उतरले आहे असे वाटते.

फ्लेमिश शस्त्रक्रियाचित्रांशी तुलना

खेड्यातील शस्त्रक्रिया हा विषय युरोपीय चित्रकलेत नवा नव्हता. नेदरलँड्स व फ्लँडर्स येथील चित्रकारांनी तो दीडदोनशे वर्षे हाताळला होता. हिएरोनिमस बॉश यांच्या एका चित्रात भोंदू वैद्य एका भोळ्या माणसाच्या डोक्यातून मूर्खपणाचा खडा काढताना दाखवला आहे. यान सँडर्स फान हेमेसन यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास हाच प्रकार मोठ्या आकारात रंगवला. ही दोन्ही चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. सतराव्या शतकात आड्रियान ब्राऊवर (निधन १६३८) यांनी खेड्यातील न्हावी-वैद्याच्या खोल्या रंगवल्या. फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयातील त्यांच्या चित्रात पाठीवर शस्त्रक्रिया चालू आहे आणि रोग्याचा चेहरा वेदनेने वेडावाकडा झाला आहे. धाकटे डेव्हिड टेनियर्स यांनीही हा विषय पुष्कळ लोकप्रिय केला.

या चित्रांत वेदना आहे, बघे आहेत, बाटल्या-बरण्या आहेत, थोडी टिंगलही आहे. वैद्य नेमके काय करतो हे मात्र त्यांतून शिकता येत नाही. चित्रकाराला त्यात रस नव्हता. वेल्स यांच्या चित्रात याच्या उलट घडले आहे. कृती इतकी स्पष्ट आहे की दूरच्या देशातील माणसाने ती वाचून करावी, परंतु अंगण नाही, अवजारे नाहीत, रोग्याला धरून ठेवणारे नातलग नाहीत आणि ज्याच्या हातांनी हे केले तो माणूसही नाही. ब्राऊवर यांचा न्हावी-वैद्य निनावी असला तरी निदान चित्रात दिसतो. पुण्याचा कारागीर मात्र चित्रात नाही आणि त्याचे नाव छापील मजकुरातही नाही. तेथे त्याची फक्त जात नोंदवली आहे. रोग्याचे नाव आले, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची आली, चित्रकाराचे आले. काही आधुनिक लेखनात त्या कारागिराचे म्हणून एखादे नाव दिलेले आढळते, पण तो बहुधा कुंभार या जातिवाचक शब्दाचाच अपभ्रंश असावा.

चित्राचा प्रवास

लंडनच्या द जेंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हे चित्र कोरीव प्रतीच्या रूपात, वर्णनासह, आद्याक्षरांनी सही केलेल्या एका पत्रात प्रसिद्ध झाले. हे वैद्यकीय मासिक नव्हते. पुरातत्त्व, कविता, मृत्युवार्ता आणि बाजारभाव एकत्र छापणारे ते सर्वसामान्य वाचकांचे मासिक होते. १७९५ मध्ये विल्यम नटर यांनी कोरलेली मोठी स्वतंत्र प्रतही निघाली.

पुढील वीस वर्षे इंग्लंडमध्ये कोणाला हा प्रयोग साधला नाही. जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या लंडनच्या शल्यचिकित्सकाने प्रथम मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. दुसऱ्या यशानंतर १८१६ मध्ये त्यांनी दोन्ही रुग्णांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफे यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याच्या या रीतीला शल्यशास्त्रात आजही भारतीय पद्धत म्हणतात, आणि कर्करोगात नाकाचा भाग काढावा लागल्यास तिचेच सुधारित रूप वापरले जाते.

सुश्रुतसंहितेतही नाक घडवण्याचा विधी आहे. तेथे माप झाडाच्या पानाने घ्यावयाचे आणि कातडी गालाची घ्यावयाची असे सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने पानाऐवजी मेण व गालाऐवजी कपाळ वापरले. तेव्हा हा वारसा सरळ ग्रंथातून उतरला असे म्हणणे घाईचे होईल. हिमाचलातील कांगडा येथेही काही कुटुंबे हे काम पिढ्यानपिढ्या करीत असत. असे ज्ञान मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत असे, आणि ते लिहून ठेवण्याची त्यांना गरज भासली नाही.

वेरूळची रेखाटने

लेण्यांकडे वेल्स यांचे लक्ष मुंबईतच वेधले गेले. १७९३ च्या वसंतात टॉमस डॅनिएल व त्यांचे पुतणे विल्यम हे हिंदुस्थानचा प्रवास आटोपत मुंबईला आले. त्यांच्या सोबतीने वेल्स यांनी घारापुरी आणि साष्टीतील लेणी पाहिली. डॅनिएल चीनमार्गे इंग्लंडला परतले, परंतु ही ओळख पुढे वेल्स यांच्या कामाला प्रकाशात आणणारी ठरली.

वेरूळची लेणी छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. अठराव्या शतकात हा मुलूख निजामाचा होता आणि शहराला औरंगाबाद म्हणत. लेणी परदेशी प्रवाशांना अपरिचित नव्हती. सतराव्या शतकात झां द तेवनो आणि अठराव्यात आंकतिल द्युपेरों या फ्रेंच प्रवाशांनी त्यांची वर्णने केली होती. पण शब्दांनी कैलासाची कल्पना येत नाही. डोंगर वरून खाली कोरत नेऊन उभे केलेले देवालय इंग्लंडमधल्या वाचकाला समजावे यासाठी चित्रच हवे होते. (अजिंठा युरोपीयांना ठाऊक होण्यास अजून १८१९ उजाडायचे होते, त्यामुळे वेल्स यांच्या पिढीसाठी दख्खनची लेणी म्हणजे मुख्यतः वेरूळच.)

मॅलेट यांनी १७९४ मध्ये वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहून पाठवले. ते एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात आले. त्यातील चित्रे गंगाराम तांबट यांच्या रेखाटनांवरून केलेली होती. वेल्स यांची स्वतःची रेखाटने त्यांच्या पश्चात, १८०३ च्या सुमारास, टॉमस डॅनिएल यांच्या देखरेखीखाली चोवीस चित्रांच्या संचात प्रसिद्ध झाली. दख्खनमधील औरंगाबादजवळच्या वेरूळ पर्वतातील हिंदू लेणी, असा त्या संचाच्या शीर्षकाचा आशय आहे. हे शीर्षक नेमके नाही, कारण संचात विश्वकर्मा, दोन ताल, तीन ताल ही बौद्ध लेणी आणि इंद्रसभा, जगन्नाथसभा ही जैन लेणीही आहेत. तिन्ही धर्मांच्या लेण्यांतील भेद तेव्हा युरोपीय अभ्यासकांना नीट कळलेला नव्हता.

संचाच्या आरंभी डोंगराची लांबवर पसरलेली दृश्ये आहेत, ज्यांत लेण्यांची ओळ एका कड्यावर कशी उभी आहे ते दिसते. त्यानंतर दशावतार, कैलास, रामेश्वर, धुमार लेणे अशी एकेक लेणी येतात. चित्रे अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची आहेत. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती तापवून चिकटवतात आणि पत्रा आम्लात बुडवून छटांचे थर उठवतात. भिंतीवरची सावली, दगडातला ओलावा आणि खांबांमागचा काळोख दाखवण्यास रेषेपेक्षा हे तंत्र अधिक समर्थ आहे.

दुरुस्त्या, पायऱ्या आणि डागडुजी होण्यापूर्वीची वेरूळची अवस्था या चित्रांत नोंदली गेली आहे. लेण्यांसमोर वाढलेले रान, गाळाने अर्धे बुजलेले तळमजले आणि पडझड पाहणाऱ्यास आजच्या स्वच्छ आवारातून कल्पना येणार नाही. त्याचबरोबर चित्रकाराने दृश्य रम्य करण्यासाठी कोठे थोडे स्वातंत्र्य घेतले असेल, हे गृहीत धरूनच पुराव्यादाखल त्यांचा वापर करावा लागतो. वेल्स यांची रेखाटने आणि तांब्यावरची प्रत यांच्या मध्ये डॅनिएल यांचा हात आहे. हा संच डॅनिएल यांच्या ओरिएंटल सीनरी या मोठ्या चित्रमालेचा भाग म्हणून ओळखला जात असल्याने, वेरूळची ही चित्रे डॅनिएल यांचीच असे पुष्कळदा सांगितले जाते. शीर्षकपृष्ठावर वेल्स यांचे नाव असूनही असे घडते.

मृत्यू आणि कुटुंब

१७९५ हे वर्ष पुण्यासाठी उलथापालथीचे होते. मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून मरण पावले. याच सुमारास साष्टीतील लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना वेल्स तापाने आजारी पडले. त्या भागातील दाट झाडी आणि साचलेले पाणी यांमुळे हिवताप नित्याचा होता. नोव्हेंबर १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. दरबाराचे चित्र, वेरूळचा संच, मुंबईची दृश्ये यांपैकी एकही काम त्यांना छापलेले किंवा पुरे झालेले पाहता आले नाही. कावसजीचे चित्र तेवढे त्यांच्या हयातीत लोकांपुढे आले.

वेल्स यांचा विवाह मार्गारेट वॉलेस यांच्याशी झाला होता. त्यांची मुलगी सुझॅना हिने १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स मॅलेट यांच्याशी विवाह केला. मॅलेट त्याच्या आदल्या वर्षीच हिंदुस्थान सोडून परतले होते. या नात्यामुळे वेल्स यांची रेखाटने, टिपणे आणि रोजनिशी मॅलेट कुटुंबाकडे राहिली. मृत चित्रकारांची कागदपत्रे बहुधा लिलावात विखुरतात. येथे ती वाचली. साहाय्यक रॉबर्ट मेबन पुढे कलकत्त्याला गेले आणि तेथे १७९७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी चालीरीतींवरील आपला चित्रसंच काढला.

संग्रह

वेल्स यांच्या रोजनिश्या आणि मॅलेट कुटुंबाकडील चित्रे यांचा मोठा भाग अमेरिकेतील न्यू हेवन येथील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेत आहे. गंगाराम तांबट यांची रेखाटनेही याच संग्रहात आहेत, आणि पुण्यातील चित्रशाळेविषयी आज जी माहिती मिळते ती बरीचशी या कागदांतून आलेली आहे. पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र रॉयल एशियाटिक सोसायटीत, तर दरबाराचे चित्र टेटमध्ये आहे. वेरूळच्या चोवीस चित्रांच्या छापील प्रती जगातील अनेक ग्रंथालयांत आढळतात.